नानांची पार्टनर

“पमा, पत्ते मांड.”

नानांनी हे त्या दिवशी कितव्यांदा म्हटलं, ते मोजणं मी सोडून दिलं होतं. मी माझे तेरा पत्ते टेबलावर उघडे करून रंगवार लावले, खुर्ची मागे ढकलली आणि चहा आणायला उठले. दुसरं काम तरी काय होतं मला?

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी सांगते. चौघांचा खेळ, समोरासमोरचे दोघे पार्टनर. आधी बोली होते. आपण दोघं मिळून किती हात करू आणि कुठल्या हुकमावर, याची. हुकूमच नको असेल तर नोट्रम्प म्हणायचं; त्याच आकड्याला ते सगळ्या रंगांच्या वर. बोली एकमेकांवर चढत जाते आणि जी जोडी शेवटी वर राहते तिने बोलल्याप्रमाणे हात करून दाखवायचे. आता गंमत अशी, की डाव दोघांनी खेळायचा नसतो. जोडीपैकी ज्याने तो रंग आधी उच्चारला, तोच खेळतो. दुसऱ्याने पत्ते उघडे मांडायचे आणि तोंड मिटून बसायचं. त्याला डमी म्हणतात.

आई गेल्यापासून मी नानांची पार्टनर होते. म्हणजे डमी होते. माझ्याकडे इस्पिकची रांग असली आणि मी इस्पिक बोलले, की नाना बदाम बोलत. मी पुन्हा इस्पिक बोलले, की नाना नोट्रम्प बोलत. डाव काही करून त्यांच्याच हातात यायचा.

“नाना, सहा इस्पिकं होती माझ्याकडे,” मी म्हणायची.

“दिसली ना मांडल्यावर.”

“पण मी सांगत होते तुम्हाला.”

“मला कळलं होतं तुला काय म्हणायचंय ते.”

हे त्यांचं आवडतं वाक्य. नाना म्हणजे माझे वडील, डॉक्टर वामन खैरनार, गुरांचे डॉक्टर. साऱ्या धुळे जिल्ह्यात त्यांच्या हाताला गुण होता. गाईला काय होतंय हे ते गोठ्याच्या दारातून सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. गाय काही सांगत नाही, त्यामुळे ऐकून घ्यायची त्यांना सवयच नव्हती. निवृत्त झाल्यावर गुरं सुटली आणि मी तावडीत सापडले.

मी तेव्हा हायस्कुलात गणित शिकवत होते. एम.एस्सी. झालेली, सव्विशी ओलांडलेली, नानांचं जेवणखाण, औषधं आणि ब्रिज सांभाळणारी. माझ्या पगाराचं नाना कौतुक करत आणि माझ्या बोलीचं अजिबात नाही.

ही गोष्ट आहे त्र्याऐंशी सालातल्या आमच्या क्लबच्या हिवाळी स्पर्धेची. शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची स्पर्धा. नाशिक, जळगाव, मालेगावहून जोड्या आल्या होत्या. नाशिकच्या देवरे पती-पत्नींचा त्यात दबदबा होता. देवरेसाहेब नुकतेच तुरुंग अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, उंच आणि कमालीचे शांत. देवरेबाई एका कॉलेजच्या प्राचार्य. जाड काचांचा चष्मा, आवाज खणखणीत. डाव बहुतेक बाई खेळायच्या आणि साहेब पत्ते मांडून समाधानाने सुपारी कातरत बसायचे. हे दृश्य मी शनिवारी सकाळी पहिल्यांदा पाहिलं आणि मला नानांचा इतका राग आला, की चहात साखर दोनदा घातली.

शनिवारी दुपारी त्यांच्याशी आमची पहिली गाठ पडली. एक डाव बाईंनी बोलीत घेतला. समोरची जोडी खेळत असली, की आपल्या दोघांनाही खेळावं लागतं, तिथे नानांचा इलाज चालत नसे. मी नीट विचार करून एक राजा खाली सोडला आणि बाईंचा डाव एका हाताने पाडला.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “चौकटची राणी माझ्याकडे नाही, हे कशावरून ओळखलंत?”

मी तोंड उघडलं.

“अंदाज,” नाना म्हणाले. “लागतो तिचा कधीकधी.”

“अंदाज नव्हता,” मी म्हणाले. “तुम्ही पहिल्यांदा पास दिला होतात. नंतर एक्का आणि दोन राजे तुमच्या हातात निघाले. त्यात राणीही असती, तर तुम्ही पास दिला नसता.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. “काय करता तुम्ही?”

“गणित शिकवते ती,” नाना म्हणाले. “एम.एस्सी. आहे. विद्यापीठात नंबर होता.”

“मी त्यांना विचारलं, डॉक्टर.”

“तेच सांगतोय मी.”

देवरेसाहेब सुपारी कातरता कातरता हसले. मला मात्र हसू आलं नाही.

रात्री क्लबच्या हिरवळीवर भरीत-पुरीचं जेवण होतं. मी शाळेतल्या एका मैत्रिणीबरोबर बसले होते. पलीकडच्या टेबलावर नाना आणि देवरेबाई बोलत होते. बाईंनी मध्येच माझ्याकडे पाहिलं, आणि नानांनी पुरीचा घास हातात धरूनच नकारार्थी मान हलवली. पुन्हा हलवली. मला वाटलं, पत्त्यांबद्दल चाललंय. एखाद्या डावात मी काय चुकले ते सांगत असतील. घरी येताना विचारलंही.

“काय म्हणत होत्या देवरेबाई?”

“काही नाही. कॉलेजची रडगाणी. तू उद्या नोट्रम्प जरा जपून बोल. तुला नोट्रम्प झेपत नाही.”

झेपत नाही! मी नोट्रम्प म्हणाले, की डाव माझ्या हातात येतो, एवढंच त्यांना झेपत नव्हतं. मी स्कूटरवर मागे बसून दातओठ खाल्ले. स्कूटरही तेच चालवायचे. मला येत असूनही.

रविवारी आम्ही चांगले खेळलो. म्हणजे नाना चांगले खेळले आणि मी चांगले पत्ते मांडले. खोटं कशाला सांगू, नानांचा हात फार सुरेख होता. पण त्यांना सोपा डाव सोपा ठेवता येत नसे. दुपारच्या चहाच्या वेळी फळ्यावर पहिल्या दोन जोड्या कोण ते स्पष्ट झालं. देवरे आणि खैरनार. शेवटची फेरी आमच्यातच होती आणि शेवटच्या डावापर्यंत आम्ही किंचित पुढे होतो. नाना उठून फळ्यापाशी आकडे बघायला गेले. देवरेसाहेब हात धुवायला गेले. पाकिटातले पत्ते अजून कोणी काढले नव्हते.

बाई माझ्याकडे वाकल्या. “वाईट वाटलं हो मला. तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं.”

“कुठे?”

“आमच्याकडे. कॉलेजात. जूनमध्ये गणिताची जागा भरायची आहे. पण तुमचीच इच्छा नाही म्हटल्यावर मी काय आग्रह करणार?”

मला कानांत काहीतरी गरम ओतल्यासारखं झालं. “माझी इच्छा नाही, असं कोण म्हणालं?”

बाईंनी हळूच चष्मा काढला. “काल जेवताना मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मी तिला आधीच विचारलंय बाहेरगावच्या नोकरीचं, तिला धुळं सोडायचं नाही.” मग जरा थांबून, “तुम्हाला विचारलं नव्हतं का त्यांनी?”

मी उत्तर द्यायच्या आत नाना आले. खूश होते. हात चोळत बसले.

“सरळ डाव येऊ दे फक्त. चषक आपला आहे. पमा, आता काही वेडंवाकडं करू नकोस. मी आहे.”

मी पत्ते उचलले. मला ते आधी दिसेचनात. मग दिसले. चांगले होते. दोन एक्के, दोन राजे, सगळ्या रंगांत थोडं थोडं. बोलीची सुरुवात माझ्यापासून होती.

“एक नोट्रम्प,” मी म्हणाले.

माझा आवाज मोठा लागला असावा. शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या.

“पास,” देवरेबाई.

“तीन बदाम,” नाना. म्हणजे त्यांच्याकडे बदामाची लांब रांग होती.

“पास,” देवरेसाहेब.

“तीन नोट्रम्प.”

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. तेवढे हात माझे सहज झाले असते.

“चार बदाम,” नाना लगेच म्हणाले.

इथे थांबलं असतं तरीही चाललं असतं. तेवढे हात त्यांचेही सहज झाले असते. दोन्हींत चषक आमचाच होता. साहेबांनी पास म्हटलं. आता मी पास म्हणायचं, पत्ते मांडायचे, चहा आणायचा. बोलायचं सोडून मी नानांकडे बघत बसले. ते पत्ते नीट लावत होते. डाव मनातल्या मनात खेळायलाही लागले होते. मी काय म्हणणार, याचा त्यांना प्रश्नच नव्हता.

“चार नोट्रम्प,” मी म्हणाले.

आणि काय सांगावं, नाना खूश झाले! आमच्या पद्धतीत चार नोट्रम्प ही बोली म्हणजे पार्टनरला विचारलेला प्रश्न असते, की बाबा रे, तुझ्याकडे एक्के किती? मी त्यांना ठणकावून नाही म्हणत होते आणि त्यांना वाटलं, मी त्यांचाच सल्ला घेतेय.

“पाच किलवर,” ते आनंदाने म्हणाले. म्हणजे एक्का एकही नाही.

“पाच नोट्रम्प.”

आता नानांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग पत्त्यांकडे. “सहा बदाम,” ते सावकाश म्हणाले. त्या ‘बदाम’मध्ये दम भरलेला होता. पुरे आता, असा.

देवरेसाहेबांनी सुपारी आणि अडकित्ता खाली ठेवला. “पास.”

“सहा नोट्रम्प.”

आमच्याभोवती आता माणसं गोळा झाली होती. दोन पार्टनरच एकमेकांवर बोली चढवताहेत आणि समोरची जोडी नुसती पास म्हणत बसली आहे, असं त्या क्लबात कोणी पाहिलं नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, “डॉक्टर, भांडण घरी करा.”

नानांचे कान लाल झाले. बायकोने कधी नाही, नोकरीतल्या साहेबांनीही नाही, आणि चार लोकांत पोरीने असं करावं! त्यांना दिसत होतं की बोली हाताबाहेर गेली आहे. हेही दिसत असणार, की समोर एक्के आहेत. पण मी वर राहायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

“सात बदाम,” नाना म्हणाले. सात म्हणजे तेराच्या तेरा हात. समोरच्यांना एकही द्यायचा नाही.

“डॉक्टर?” देवरेसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. मग ते म्हणाले, “पास.”

“सात नोट्रम्प.”

नानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. ब्रिजमध्ये सात नोट्रम्पच्या वर बोली नाही. पुढे म्हणायला शब्दच नाही. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा असं काही बोलले होते, ज्यावर नानांना काही बोलता येत नव्हतं.

“डबल,” देवरेबाई म्हणाल्या. म्हणजे डाव पडला तर दंड दुप्पट. अपमान म्हणून नव्हे, हिशेबाने. त्यांनी जो पत्ता टाकला तो एक्का होता.

नानांनी पत्ते मांडले. आधी स्वतःच्या दिशेने मांडले, मग ते चुकल्याचं लक्षात येऊन फिरवले. मी एक पत्ता खेळले तसे ते पुढे झुकले. “तिथे राजा—”

“डमीला बोलता येत नाही, डॉक्टर,” देवरेसाहेब फार सौम्यपणे म्हणाले.

नाना मागे टेकले. बसायला जमेना, मग उठले. थोड्या वेळाने माझ्या कोपराशी चहाचा कप आला. साखर नव्हती त्यात. त्यांना ठाऊक नव्हतं मी किती घेते.

तो डाव मी जीव लावून खेळले. पडणार हे सगळ्यांना दिसत होतं, पण जेवढं वाचवता येत होतं तेवढं वाचवलं. तीन हात गेले. चषकही गेला. देवरेबाईंनी माझा हात हातात घेतला. नाना बक्षीस समारंभाला थांबलेच नाहीत.

बाहेर लिंबाखाली आमची स्कूटर होती. नाना किका मारत होते आणि प्रत्येक किकेला एक वाक्य.

“चार बदामावर सोडायचं होतंस.”

“तीन नोट्रम्पवर तुम्ही सोडायचं होतं.”

“बदाम जास्त सुरक्षित होते.”

“दोन्ही होत होतं नाना, दोन्ही! तुम्हाला ते कळत होतं!”

“मग चार नोट्रम्प कशाला? पोरखेळ आहे का हा? सारा क्लब हसला. उद्या मी तोंड काय दाखवू?”

“तुम्ही देवरेबाईंना काय सांगितलंत काल?”

किक थांबली. क्लबातून टाळ्यांचा आवाज आला. चषक दिला जात होता. नाना स्कूटरच्या हँडलकडे बघत राहिले.

“मला विचारलं होतंत तुम्ही?” मी म्हणाले.

“नाही.”

“मग विचारलं म्हणून का सांगितलंत?”

त्यांनी किकेवरचा पाय खाली घेतला.

“नाना, मी रोज तुमच्यासमोर बसते. सकाळी, दुपारी, जेवायला, पत्त्यांना. एकदा विचारायला काय होत होतं? पमा, तुला जायचंय का, एवढंच. मी काय सांगते ते तुम्हाला कधी ऐकूच येत नाही का?”

“येतं ऐकू,” नाना म्हणाले. अगदी हळू. मी त्यांचा तसा आवाज आई गेली त्या दिवसानंतर ऐकला नव्हता. “सगळं ऐकू येतं. विचारलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस.”

तोवर मला वाटत होतं, की नाना ऐकत नाहीत. तोच माझा राग होता आणि तो राग मला बरा पडत होता. न ऐकणाऱ्या माणसावर चिडता तरी येतं. आणि हा माणूस प्रत्येक बोली नीट ऐकून, समजून, मग तिच्यावर स्वतःची बोली चढवत आला होता.

“हो म्हणालेच असते,” मी म्हणाले.

“तेच.”

त्यांनी पुन्हा किक मारली आणि या वेळी स्कूटर सुरू झाली. मी मागे बसले. नाना घराच्या वळणाला वळलेच नाहीत. सरळ निघाले.

“कुठे चाललात?”

“विश्रामगृहावर. देवरे तिथेच उतरलेत. आता येतील सामान न्यायला. मी बोलतो बाईंशी.”

“तुम्ही बोलता?”

“मग? मीच नाही म्हणालो, तर मीच हो म्हणायला नको?”

“नाना, स्कूटर थांबवा.”

“अगं, आलंच—”

“थांबवा!”

त्यांनी करकचून ब्रेक दाबला. मी उतरले. भर रस्त्यात, साडीला धूळ. विश्रामगृहाचं फाटक समोर दिसत होतं. “तुम्ही इथेच थांबा. मी जाते,” मी म्हणाले आणि चालायला लागले. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते आलेच असते मागून.

देवरेबाई नुकत्याच मोटारीने परतल्या होत्या आणि व्हरांड्यात चषक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मला बघून त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नसावं.

“वडिलांशी बोललात?”

“त्यांच्याशी नंतर बोलेन. जागा अजून असली, तर मला हवी आहे.”

“मुलाखत द्यावी लागेल. मी ओळखते म्हणून सवलत नाही.”

“देईन.”

“आणि तिथे सात नोट्रम्प म्हणू नका,” बाई म्हणाल्या. साहेब आतून हसले.

जूनमध्ये मी नाशिकला गेले. त्याच कॉलेजातून निवृत्त झाले. मध्ये लग्न झालं, दोन मुली झाल्या. त्यांना मी पत्ते शिकवले. नानांनी क्लबात एक निवृत्त तहसीलदार पार्टनर म्हणून धरला. तोही नानांसारखाच, प्रत्येक डाव स्वतःच्या हातात ओढणारा. महिनाभरात दोघांचं बोलणं बंद झालं. नाना फोनवर तक्रार करायचे, “अगं, काही ऐकूनच घेत नाही तो माणूस.” मी नुसतं ‘हं’ म्हणायची. माझी पुरेशी करमणूक व्हायची त्यात, आणि थोडं वाईटही वाटायचं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मी फाटकाबाहेर आले, तेव्हा ऊन उतरलं होतं आणि नाना मी सोडलं तिथेच स्कूटरवर बसून होते. इंजिन बंद केलेलं. एक पाय रस्त्यावर टेकवलेला. मी जवळ गेले.

“काय म्हणाल्या?” त्यांनी विचारलं. आणि लगेच, “म्हणजे हो म्हणाल्याच असतील, त्यांना कालच तुझं—”

इथे ते थांबले. आपणहून. ओठ मिटून घेतले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले.

मी मागे बसले. साडीचा काठ वर घेतला, पर्स मांडीवर ठेवली, पदर खोचला. सांगायची मला मुळीच घाई नव्हती. नानांनी स्कूटर सुरू केली नाही. मान मागे वळवून ते तसेच थांबून राहिले.